बॉक्स बोलला का?

नाशिकरोडला बिटको चौकाच्या आसपास कुठल्याही दुकानात पाचशेची नोट पुढे केली, की गल्ल्यावरचा माणूस ती आधी अंगठ्याने चाचपतो. मग ट्यूबलाइटकडे धरतो, मग जराशी तिरकी करतो. तोंडाने कांद्याचा भाव, द्राक्षावरचा डाऊनी रोग, सगळं चालू असतं. अंगठ्याला दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या उठाव रेघा लागतात, उजेडात गांधीजींची छाया आणि 500 चा आकडा दिसतो, तिरकी केल्यावर धागा हिरव्याचा निळा होतो. तीन सेकंदांत निवाडा. जेलरोडच्या नोट प्रेसच्या भिंतीआड 1928 पासून नोटा छापल्या जातात. गल्लीगणिक एखादा तरी माणूस 'प्रेसमध्ये' कामाला असायचा. अशा गावाला खऱ्याखोट्याची पारख कुणी शिकवायला नको.

पण याच माणसाला याच गल्ल्यावर हिरवी टिकमार्क असलेला मोबाइलचा पडदा दाखवला, तर बोटांची सगळी विद्या वाया जाते. पैसे गेल्याचा हुबेहूब पडदा तयार करणारी बनावट अॅप आहेत. रक्कम टाका, नाव टाका, टिकमार्क हजर. म्हणून मिसळीच्या दुकानांत काउंटरवर आता तो चौकोनी साउंडबॉक्स असतो आणि गर्दीच्या वेळी आतून आवाज येतो, "बॉक्स बोलला का?" गिऱ्हाइकाचा पडदा कुणी बघतच नाही. बॉक्स बोलतो तो गिऱ्हाइकाच्या फोनचं ऐकून नव्हे, पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून. त्याच्या आत स्वतःचं सिमकार्ड असतं. रेंज गेली, की बॉक्स मुका होतो आणि मग आपल्या अॅपमधली नोंद उघडून बघावी लागते.

डिजिटल सुरक्षेचा अख्खा धडा त्या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं. कागदाचा खरेपणा त्या कागदात मुरलेला असतो. डिजिटल गोष्टीची नक्कल मात्र मुळाइतकीच खरी दिसते, कारण ती बिटागणिक तीच असते. तिचा खरेपणा वस्तूत नसतो, दुसरीकडे कुठेतरी ठेवलेल्या नोंदीत असतो. ओटीपी, आधार, व्हॉट्सअॅप, डेटा कायदा यांवर आपल्याकडे तावातावाने वाद होतात, आणि बहुतेक वाद फसतात ते इथेच. बोलतो आपण मोबाइलबद्दल, पण डोक्यात कागद असतो.

खरं तर हा बदल नाशिककरांनी तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणातच बघितला होता. सरकारी मुद्रांक छापणाऱ्या इथल्याच सिक्युरिटी प्रेसमधून निकालात काढलेली यंत्रं हाताशी धरून मुद्रांक छापले गेले, तेव्हा कागदातली सुरक्षा कोलमडली. कागद, शाई, यंत्र सगळं अस्सलच असेल तर नकली कशाला म्हणायचं? आज घराचा दस्त करताना मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरलं, की ई-चलनावर जीआरएन, म्हणजे सरकारी संदर्भ क्रमांक येतो. त्या चलनाच्या दहा प्रिंट काढा, कुणी हरकत घेत नाही. दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक कार्यालयात तो क्रमांक 'डिफेस' होतो, म्हणजे वापरला अशी नोंद पडते. त्यानंतर उरलेल्या नऊ प्रिंट रद्दी. सदनिका घेणाऱ्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधल्या रंगीत प्रिंटवर भरवसा ठेवण्यापेक्षा सरकारी संकेतस्थळावर जीआरएन टाकून बघावा, दोन मिनिटं लागतात.

आता पुराव्याचं बघू. "माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे ना!" हे वाक्य प्रत्येक भांडणात येतं. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. चित्रातली तारीख, नाव, रक्कम बदलायला शाळकरी पोराला पाच मिनिटं पुरतात, आणि समोरचा वकील हेच पहिल्यांदा विचारतो. एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. मोबाइलवर एक फोटो काढा आणि केबलने लॅपटॉपवर घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल वापरून त्या फाइलचा शा-256 हॅश काढा, म्हणजे फाइलमधल्या बिटांवरून गणिताने निघणारा ठसा. 64 अक्षरांची एक ओळ येते. 0 ते 9 आणि ए ते एफ, बस. आता तोच फोटो व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा, उतरवून घ्या आणि पुन्हा हॅश काढा. डोळ्यांना फोटो तोच, ओळ मात्र पार वेगळी. कारण वाटेत व्हॉट्सअॅपने फोटो दाबून लहान केला आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली वेळ, जागा वगैरे माहिती काढून टाकली. तिसऱ्यांदा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. यावेळी ओळ अक्षरशः जुळते. फाइलचा वॉटरमार्क म्हणायचा तर तो हाच, फक्त तो फाइलमध्ये नसतो. वेगळ्या कागदावर लिहून ठेवावा लागतो.

कायद्याने तो कागदही दिला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. भाग अ भरायचा तो पुरावा सादर करणाऱ्याने: उपकरण कुठलं, ताबा कुणाचा, हॅश काय. भाग ब भरायचा तज्ज्ञाने. गाडी इथे अडते. तालुक्याच्या न्यायालयात चेक बाउन्सच्या किंवा भाऊबंदकीच्या दाव्यात हा तज्ज्ञ शोधायचा कुठे, हा वकिलांचा रोजचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम 65-ब होतं. त्यावरचा मोठा निकाल आपल्या शेजारच्या मराठवाड्यातूनच गेला. 2014 ची जालना विधानसभेची निवडणूक, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या मुदतीत आले की नंतर, याचं चित्रीकरण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात झालेलं होतं. अडलं कुठे, तर प्रमाणपत्र मागून मागून मिळेना. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. मात्र पक्षकाराने शक्य ते सगळं करूनही अधिकारी देत नसेल, तर त्याचं खापर पक्षकारावर फोडायचं नाही. म्हणून सांगणं एवढंच: चॅट पुसू नका, 'एक्स्पोर्ट चॅट' करून मीडियासह फाइल काढून ठेवा, आणि तो जुना फोन एक्सचेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नका. मूळ उपकरण म्हणजे तोच.

सीसीटीव्हीचं आणखी अवघड. चित्रीकरण साठवणाऱ्या डीव्हीआरची डिस्क भरली की तो जुन्यावर नवं लिहीत जातो. सोसायटीच्या कमिटीची सभा होईपर्यंत ती रात्र पुसली गेलेली असते.

पैसे जातात तेव्हा काय होतं, हे मात्र घाई न करता सांगायला हवं, कारण इथे वादाला मिनिटांचा हिशोब असतो. सध्या फिरणारा प्रकार म्हणजे एपीके फाइल, अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलन' येतं, नाहीतर लग्नपत्रिका, पीएम किसानची यादी. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाचा शेवट एपीके असा असतो, पण तेवढं कुणी वाचत नाही. चलन हा कागद, तो पाहायला अॅप कशाला बसवावं लागेल? एवढा प्रश्न पडला तरी पुरे. खरं चलन बघायचं तर परिवहन किंवा महाट्रॅफिकच्या, शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असलेल्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकायचा. फाइल उघडली की अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की संपलं. पुढचे ओटीपी येतात, ते अॅप परस्पर पुढे पाठवतं. "मी कुणालाच ओटीपी सांगितला नाही" असं म्हणणारा माणूस खरं बोलत असतो. बँकेची नोंद सांगते, योग्य ओटीपी टाकला गेला. तीही खरी असते. कुणी टाकला, हे त्या नोंदीत नसतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, वायफाय बंद आहे ना ते बघायचं, आणि दुसऱ्याच्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायची. हाताशी हवं ते असं: खातं क्रमांक, किती वाजता किती गेले, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं, आणि व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक. शेवटची गोष्ट नसली तर पलीकडचा माणूस फार काही करू शकत नाही. तो क्रमांक बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा अॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे आणि तिथून पुढच्या बँकेकडे जाते. चोराने तोवर रक्कम तुकडे करून भाड्याच्या, म्हणजे दुसऱ्यांकडून पैसे देऊन वापरायला घेतलेल्या खात्यांत सरकवलेली असते. पहिल्या खात्यातून पाच खात्यांत, त्या पाचांतून वीस. शेवटच्या खात्यातून एटीएमवर रोख निघते. ज्या खात्यात रक्कम अजून पडून आहे तिथे लिअन लागतो, म्हणजे ती गोठते. सारा खेळ हा, की गोठवणारी नोंद आधी पोचते की चोर. मग पोचक्रमांक येतो, तो घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर 24 तासांत बाकीचा तपशील भरायचा.

बिघडतं कुठे? एक, माणूस शाखेत जाऊन भांडू म्हणून सोमवारची वाट बघतो. मध्ये दुसरा शनिवार आलेला असतो. दोन, गूगलवर 'कस्टमर केअर' शोधतो आणि दुसऱ्या चोराला फोन लावतो. खरा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. बँकांची संकेतस्थळं आता डॉट बँक डॉट इनवर आली आहेत, पत्त्याच्या शेवटी ते बघावं. तीन, लाज वाटून चॅट उडवतो. चार, पोरगं म्हणतं रिसेट मारू, आणि ती एपीके फाइल, म्हणजे एकुलता एक पुरावा, साफ होते. रिसेट करायचाच आहे, पण नंतर. आधी सायबर पोलीस ठाण्यात फोन दाखवायचा. पाच, कॉल फॉरवर्डिंग. चोराने ते लावलेलं असेल तर बँकेचा फोन त्यालाच जातो. *#21# लावून बघायचं, ##002# लावून काढून टाकायचं.

मग भरपाईचा वाद. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने त्याची चौकट घातली. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं, आणि सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात ते महत्त्वाचं आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि बँकेचा संदेश आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्यानंतर बँकेचं धोरण. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची, 90 दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहक चुकला हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी, ईमेलने किंवा शाखेच्या शिक्क्याने. 30 दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

या परिपत्रकाचा एक शब्द लोक विसरतात: 'अनधिकृत' व्यवहार. डिजिटल अरेस्टमध्ये, म्हणजे तोतया पोलिसांनी अटकेची भीती घालून व्हिडिओ कॉलवर बसवलेली माणसं स्वतः बँकेत जाऊन, स्वतःची सही करून आरटीजीएस करतात. नोंदीच्या भाषेत तो व्यवहार अधिकृतच असतो. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही, पण स्लिपवरची सही खरी असते. या खाचेवर खरा वाद व्हायला हवा. पैसे पोचायला थोडा उशीर ठेवायचा का, वयस्कर खातेदारासाठी दुसऱ्या माणसाची संमती ठेवायची का, अशा नीरस प्रश्नांवर. वादात मात्र "फाशी द्या" एवढंच ऐकू येतं. संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणूक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ड, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. ती 10 केली तरी भाड्याचं खातं पाच मिनिटांतच रिकामं होणार.

व्हॉट्सअॅपवरचा वाद तर थेट आपल्या परिसरातला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच सुमारास मालेगावात पोलिसांनी काही जणांना जमावाच्या हातून सोडवलं. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पुढची मागणी केली: 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने गंभीर गुन्ह्यांत, आदेश आला तर, संदेशाचा 'पहिला प्रेषक' सांगावा. व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

समर्थक म्हणतात, "पत्र वाचू नका, पोस्टाचा शिक्का तर दाखवा." हा पुन्हा कागदाचा विचार. पाकिटावर शिक्का आपोआप पडतो. एंड-टू-एंड कूटबद्ध, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येणाऱ्या संदेशावर तो पडत नाही. पाडायचा म्हणजे गुन्हेगारासकट प्रत्येकाच्या प्रत्येक 'शुभ सकाळ'ची खूण आधीपासून जपून ठेवायची. आणि खूण म्हणजे हॅश असेल, तर वरचा फोटोचा प्रयोग आठवावा. एक स्वल्पविराम बदला, स्क्रीनशॉट काढून पाठवा, नवी ओळ, नवा 'पहिला'. शिवाय नियम सांगतो, की संदेश परदेशातून आला असेल तर भारतातला पहिला तो पहिला प्रेषक धरायचा. दुबईच्या मेहुण्याने पाठवलेला व्हिडिओ सिडकोतल्या माणसाने झोपाळल्या डोळ्यांनी पुढे ढकलला, तर नोंदीत उभा राहील तो सिडकोतला. माझं मत विरोधाकडे झुकतं, ते एवढ्यासाठीच नाही. राईनपाड्याला वेळ किती होता? पहिल्या प्रेषकाचा शोध महिन्यांनी लागतो. फॉरवर्डची मर्यादा निदान त्याच क्षणी आड येते. विरोध करणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं: चॅटचा बॅकअप कूटबद्ध करायचा पर्याय सेटिंगमध्ये स्वतः चालू करावा लागतो, आणि तो न करता खासगीपणावर तास-तास बोलणारे पुष्कळ आहेत.

आधारच्या झेरॉक्सवरही असाच गोंधळ. 27 मे 2022 ला आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स देऊ नका असं पत्रक काढलं आणि 29 ला ते मागे घेतलं गेलं. दोन दिवस नुसता गदारोळ. झेरॉक्सपेक्षा धोका आहे तो अंगठ्याला. आधारवरून पैसे काढायच्या सोयीत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं, ओटीपी नाही. काही राज्यांत नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उतरवून सिलिकॉनची बोटं बनवल्याची प्रकरणं झाली. कागदाच्या जमान्यात अंगठा दस्ताला बळ द्यायचा, आता तोच दस्त चोराला अंगठा देतो. माय आधार संकेतस्थळावर बायोमेट्रिक, म्हणजे बोटांच्या ठशांचा वापर, लॉक करून ठेवावं. गरजेपुरतं उघडता येतं.

डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, बहुतेक बंधनं 18 महिन्यांनी लागू. "250 कोटींचा दंड" ऐकून लोक खूश होतात. तो दंड भारताच्या संचित निधीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपया मिळत नाही. उलट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम 43-अ वगळायची तरतूद यातच आहे. खोटी तक्रार केली तर नागरिकालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड. याच कायद्याने माहिती अधिकाराचं, वैयक्तिक माहिती नाकारण्याबद्दलचं कलम 8(1)(ञ) बदललं, त्यावर आरटीआय कार्यकर्ते ओरडत आहेत आणि ते ऐकायला हवं. भरपाईचा एक रस्ता अजून आहे, तो फारसा कुणी वापरत नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खालचा न्यायनिर्णय अधिकारी, म्हणजे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव. 5 कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात. फिशिंगच्या प्रकरणांत बँकांना भरपाई द्यायला लावणारे निकाल 2013 च्या सुमारास याच खुर्चीने दिले होते.

आता नोंदीवर एवढा भर दिला, तर तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2007 मध्ये शिवाजी महाराजांबद्दलच्या एका आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुणाला पकडलं. तो जवळपास 50 दिवस तुरुंगात राहिला. इंटरनेट कंपनीने दिलेली आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाची माहितीच चुकीची होती. आज एका आयपी पत्त्यामागे शेकडो मोबाइल असतात. त्यांतला नेमका मोबाइल ओळखायला लागणारा पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ मागितली नाही, किंवा सर्व्हरची वेळ जागतिक घड्याळातली, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागची आहे हे विसरलं, की दुसऱ्याच घराची कडी वाजते. गोठलेल्या खात्यांचंही तेच. द्राक्षाच्या ऐन हंगामात एखाद्या व्यापाऱ्याच्या खात्यात चौथ्या-पाचव्या हाताने 3,000 रुपये येतात आणि अख्खं खातं बंद होतं. मजुरांची हजेरी थांबते. अशा वेळी बँकेकडून लेखी घ्यायचं: कुठल्या राज्यातली तक्रार, पोचक्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग त्या तपास अधिकाऱ्याला बिलं, हुंडेकरीच्या पावत्या पाठवून लिअन तेवढ्याच रकमेवर ठेवायची मागणी करायची. फसलेल्याला गोठलेली रक्कम परत हवी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट छापतात. आता ते ई-पासपोर्ट असतात. मुखपृष्ठावर एक छोटी सोनेरी खूण, आत चिप. चिपमध्ये पहिल्या पानावरचाच मजकूर असतो आणि त्यावर सरकारची डिजिटल सही. परदेशातल्या विमानतळावरचा रीडर ती सही तपासतो आणि एक अक्षर जरी नंतर बदललं असेल तर सांगतो. अर्ज भरताना कुणी 'कुलकर्णी'ची वेलांटी इंग्रजी स्पेलिंगमध्ये उलटसुलट केली असेल, तर तीसुद्धा तितक्याच पक्क्या सहीनिशी चिपमध्ये बसलेली असते, आणि रीडर तिला खुशाल हिरवा दिवा दाखवतो.